मागच्यासाठी लावलेला दिवा



आम्ही परळच्या बायका सकाळी दूध आणायला बाहेर पडतो, तेव्हा के.ई.एम. आणि टाटा रुग्णालयाच्या आसपास गावाकडच्या गाड्या उभ्या दिसतात. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं असतात ती. मागच्या सीटवर कुणीतरी आजारी, शेजारी डबा आणि रिपोर्टांची पिशवी. ही गाडी पहाटे खंडाळ्याच्या धुक्यातून उतरलेली असते आणि नंतर आपल्या आंबेडकर रोडच्या रांगेत अडकलेली असते. दोन्ही ठिकाणी ड्रायव्हरला आधार असतो तो पुढच्या गाडीच्या मागच्या लाल दिव्याचा. आज त्या दिव्याचीच गोष्ट सांगायची आहे.

गोष्ट सुरू होते रेल्वेपासून. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पुढे 1879 मध्ये आपल्या परळला रेल्वेचा कारखाना उभा राहिला, आणि इथल्या कितीतरी घरांत रेल्वेचा पगार येऊ लागला. रेल्वेत शेवटच्या डब्याच्या मागे लाल दिवा लावायची शिस्त आहे. गाडी स्टेशनातून जाताना तो दिवा दिसला, म्हणजे गाडी अख्खी गेली. दिसला नाही, तर एखादा डबा मागे तुटून राहिला असेल, अशी शंका घ्यायची आणि खात्री होईपर्यंत मागून दुसरी गाडी सोडायची नाही. तो दिवा ना इंजिनाच्या ड्रायव्हरला दिसतो, ना डब्यातल्या प्रवाशांना. तो असतो मागून येणाऱ्यांच्या जिवासाठी.

रस्त्यावरही तसंच. बोरघाटातून गाडीरस्ता झाला 1830 मध्ये. तेव्हापासून किती बैलगाड्या त्या वाटेनं गेल्या असतील! रात्री गाडीखाली कंदील टांगायची आपल्याकडची रीत आजीच्या तोंडून आम्ही ऐकलेली आहे. पुढे मोटारी आल्या, वेग वाढला, तसं मागच्या दिव्याला एक नाही, दोन निरोप द्यावे लागले. स्कूटरचा किंवा रिक्षाचा जुन्या पद्धतीचा मागचा बल्ब काढून बघा. आत दोन तारा असतात, एक 5 वॅटची, दुसरी 21 वॅटची. मंद तार म्हणते, ‘मी इथे आहे’. प्रखर तार म्हणते, ‘मी थांबतेय’. या दोन प्रकाशांतला फरक हीच त्या दिव्याची भाषा.

ती भाषा नीट कळावी म्हणून लोकांनी खटपटही केली. 1974 मध्ये जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोमधल्या टॅक्सींना मागच्या काचेपाशी एक जास्तीचा ब्रेकलाइट लावून पाहिला. त्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका बऱ्याच कमी झाल्या. 1986 च्या मॉडेलपासून अमेरिकेत नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. आज आपल्या गाड्यांच्या काचेत दिसतो तो तिसरा दिवा हाच.

आता धुक्याचं बघू. पावसाळ्यात खंडाळ्याला ढगच रस्त्यावर उतरतो. साधा मंद दिवा त्यात विरून जातो. म्हणून मागचा फॉगलॅम्प आला. ब्रिटनमध्ये 1 एप्रिल 1980 पासून रस्त्यावर येणाऱ्या नव्या गाड्यांना तो बंधनकारक झाला. पण तो जवळजवळ ब्रेकलाइटइतकाच प्रखर असतो. धुकं नसताना तो चालू राहिला, तर मागच्याचे डोळे दिपतात आणि खरा ब्रेक कधी लागला ते कळतच नाही. म्हणून तिथला नियम असा, की 100 मीटरपलीकडचंही दिसेनासं झालं तरच तो लावायचा आणि धुकं सरलं की लगेच बंद करायचा. आपल्याकडे तो खोपोलीपर्यंत लागला तर लागला, पण विसरलेला तसाच परळपर्यंत येतो.

धुक्यात चारही इंडिकेटर लुकलुकत गाडी चालवायचीही सवय दिसते. ज्याला बरेच जण पार्किंग लाइट म्हणतात, तो हा. तो बंद पडून उभ्या राहिलेल्या गाडीसाठी आहे. चालत्या गाडीनं तो लावला, की ती डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मागच्याला समजायला मार्गच उरत नाही.

परळला कुठलं आलंय धुकं, असं म्हणाल. पण गिरण्या चालू होत्या तेव्हा चिमण्यांच्या धुरानं हिवाळ्याची सकाळ काळवंडायची. त्या धुराला आवर घालायला मुंबईत 1912 मध्ये कायदा करावा लागला होता. आता गिरण्यांच्या जागी टॉवर आले, बांधकामाची धूळ आली. आणि रांग तर रोजचीच. हिंदमाताला पाणी भरलं की विचारूच नका.

या रांगेत गाडी उभी असताना ड्रायव्हर ब्रेकवर पाय दाबून बसतो. मागे स्कूटरवर आपलीच एखादी बहीण असते, पुढ्यात पोर असतं. तो लाल झगझगाट पाच-दहा मिनिटं थेट तिच्या डोळ्यांत जातो. रात्री, पावसात, हेल्मेटच्या ओल्या काचेतून तर जास्तच. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत यावर साधा उपाय सांगितला आहे: हँडब्रेक ओढा, मागची गाडी थांबली याची खात्री करा, मगच ब्रेकवरून पाय काढा. ‘मगच’ हा शब्द महत्त्वाचा. मागचा थांबायच्या आधी ब्रेकचा दिवा घालवायचा नाही.

मैत्रिणींनो, स्वतःचा मागचा दिवा स्वतःला दिसत नाही. म्हणून घरातून निघताना कुणाला तरी मागे उभं करा, ब्रेक दाबा आणि विचारा, “लागतोय का गं?” रिक्षात बसताना दिवा बंद दिसला तर सांगा, “दादा, मागचा बल्ब गेलाय.” दिवा आपल्या गाडीवर असला, तरी तो कामाला येतो मागच्याच्या. त्या मागच्या गाडीत कदाचित के.ई.एम.ला निघालेलं कुणीतरी असेल.