सभा घ्यायची, पण कुठं? माणगाव, 1920

गेला महिनाभर आमच्या एका ग्रुपवर एकच वाद चालू आहे. सगळे एकमेकांना फक्त स्क्रीनवर ओळखतात, आता एकदा प्रत्यक्ष भेटायचं ठरलंय. पण कुठं? पुणेवाले म्हणतात पुणे, कोल्हापूरवाले म्हणतात तांबडा-पांढरा सोडून दुसरीकडं जायचंच कशाला. पोल टाकून झाले, भांडणंही झाली. आणि मला मात्र सारखी आठवण येतेय ती कोल्हापूरजवळच्याच एका गावाची. माणगावची. रायगडातलं नव्हे बरं का, हातकणंगले तालुक्यातलं, रुकडीजवळचं.

तर गोष्ट सुरू होते मुंबईत. 31 जानेवारी 1920, शनिवार. त्या दिवशी ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघालं. त्यामागं होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते तेव्हा सिडनेहॅम कॉलेजात सरकारी प्राध्यापक, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं. पैशाची मदत कोल्हापूरच्या शाहू महाराजांची, अडीच हजार रुपये. आता गावोगावी विखुरलेली, कधी एकमेकांना न भेटलेली माणसं एकाच कागदावर आपलं दुःख वाचू लागली. ज्याला वाचता येत नव्हतं, तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. त्या काळातला ग्रुपच म्हणा ना.

आणि बरोब्बर 50 दिवसांनी, रविवारी 21 मार्चला, माणगावात परिषद भरली. दक्षिण महाराष्ट्रातल्या बहिष्कृत वर्गाची परिषद. दोन दिवस, अध्यक्ष आंबेडकर, वय 28.

पण माणगावच का? मुंबई नाही, पुणे नाही, अगदी कोल्हापूर शहरसुद्धा नाही!

जरा विचार करा. तुम्ही-आम्ही भेटायचं ठरवतो तेव्हा काय बघतो? एसटी आहे का, हॉटेल स्वस्त आहे का. यांना आधी बघावं लागणार होतं की एवढी माणसं पाणी कुठलं पिणार. मार्च महिना, ऊन डोक्यावर. ज्या गावात विहिरीला हात लावू देत नाहीत, धर्मशाळेच्या पायरीवर बसू देत नाहीत, तिथं दोन दिवसांची सभा भरवायची कशी? मांडवाला जमीन कोण देणार?

त्यात आपला हा मुलूख म्हणजे तुकड्यातुकड्यांची गोधडी. सातारा आणि बेळगाव इंग्रजांचे जिल्हे, मध्ये कोल्हापूर, सांगली, मिरज ही संस्थानं, शिवाय जहागिऱ्या वेगळ्या. दहा-वीस मैल चाललं की सरकार बदलायचं, आणि सरकार बदललं की तुमची किंमतही बदलायची. इंग्रजी मुलखात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात यायला 1923 उजाडलं. कोल्हापूरनं 1919 मध्येच हुकूम काढला होता: विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कुठंही शिवाशीव पाळायची नाही.

माणगाव होतं कागल जहागिरीत. कागल म्हणजे शाहूंचं जन्माचं घराणं, घाटग्यांचं. तिथले जहागीरदार बापूसाहेब हे त्यांचे सख्खे भाऊ. रेल्वेही जवळ, कोल्हापूर-मिरज लाइन 1891 पासून चालू. म्हणजे आलेल्या माणसाच्या केसाला धक्का लागला असता तर थेट महाराजांना जाब द्यावा लागला असता. माझ्या मते जागेच्या निवडीत हेच सगळ्यात वजनदार होतं. नकाशावर माणगाव लहान, पण त्या दोन दिवसांपुरतं सगळ्यात सुरक्षित.

अर्थात हुकूम निघाला म्हणून चहा मिळत नाही. कोल्हापूर शहरात गंगाराम कांबळेंनी हॉटेल टाकलं तेव्हा तिथं लोक फिरकेनात; शेवटी महाराज स्वतः जाऊन तिथला चहा प्यायले, तेव्हा कुठं बदल दिसला. माणगावातही त्यांनी हेच केलं. नुसता निरोप नाही पाठवला, स्वतः सभेला आले. हजर लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी सापडलाय. पुढं एक दिवस हा माणूस सगळ्या देशाचा पुढारी होईल, असंही बोलले. परिषदेनं ठराव केले, त्यात एक असा: शाहू महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करायचा. 26 जून, लक्षात असेलच.

सात वर्षांनी मात्र जागा निवडण्याचा हिशेबच उलटा झाला. मार्च 1927 मध्ये परिषद भरली महाडला. तिथं राजा पाठीशी नव्हता. होता तो नगरपालिकेचा 1924 चा ठराव, चवदार तळं सर्वांना खुलं करणारा. कागदावरच राहिलेला. त्या सभेसाठी पिण्याचं पाणी चक्क विकत घ्यावं लागलं, 40 रुपयांचं. तळं गावात, आणि पाणी विकत! दुसऱ्या दिवशी, 20 मार्चला, सगळे तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. डिसेंबरात पुन्हा महाडलाच जमायचं ठरलं, तर मांडवाला जागा मिळेना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थानं. वाणी सामान देईनात, म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला.

आपल्या ग्रुपचं म्हणाल, तर कोल्हापूर दोन मतांनी पुढं आहे. ठरलंच, तर एक दुपार मिरजेची गाडी पकडून रुकडीला उतरू. माणगाव तिथून जवळच आहे.