पोटात ठेवलेले नाव

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाचा सारा संसार गुपितावर चालतो. पहिल्या प्रकरणात गाठ मारायची, शेवटच्या प्रकरणात ती सोडायची, आणि वाचकाला तीनशे पाने ताटकळत ठेवले म्हणून स्वतःचीच पाठ थोपटायची! पण इतिहासात एक गुपित असे आहे, की जे मोजक्या माणसांनी तब्बल तेहतीस वर्षे पोटात ठेवले. ते वाचले तेव्हा आमची कारागिरी मला फारच पोरकट वाटू लागली.

17 जून 1972 च्या पहाटे वॉशिंग्टन शहरात वॉटरगेट नावाच्या इमारतीत पाच माणसे पकडली गेली. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत ती चोरून शिरली होती. साधी घरफोडी म्हणून हे प्रकरण मिटले असते. पण ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे दोन तरुण बातमीदार, बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन, त्याच्या मागे लागले. वुडवर्डना सरकारातला एक बडा माणूस वाट दाखवीत होता. भेट हवी असली की वुडवर्ड आपल्या सज्जातली फुलाची कुंडी हलवून ठेवीत, आणि मध्यरात्रीनंतर मोटारी ठेवण्याच्या एका तळघरात दोघे भेटत. कचेरीत त्या माणसाला ‘डीप थ्रोट’ असे टोपणनाव पडले. खरे नाव कोणी उच्चारले नाही.

1973 च्या आरंभी अध्यक्ष निक्सन यांच्या निवडणूक समितीने या बातमीदारांची टिपणे कोर्टामार्फत मागितली. तेव्हा वृत्तपत्राच्या मालकीणबाई कॅथरिन ग्रॅहॅम यांनी ती टिपणे आपल्या ताब्यात घेण्याची तयारी दाखवली. म्हणजे तुरुंगात जायची पाळी आलीच तर ती नोकरांवर न येता मालकिणीवर यावी. न्यायाधीशांनी ती मागणी फेटाळली, म्हणून प्रसंग टळला. ऑगस्ट 1974 मध्ये निक्सन यांना अध्यक्षपद सोडावे लागले. कुंडीची खूण ज्याच्यासाठी होती तो मात्र अंधारातच राहिला. 31 मे 2005 रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, मार्क फेल्ट या गृहस्थांनी स्वतःच जगाला सांगितले, ‘तो मी.’ त्या काळी ते एफबीआय या तपास खात्यात दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते.

इथे गोष्ट संपली असती तर ती मुलांना धडा म्हणून शिकवता आली असती. पण इतिहास शिक्षकाची सोय पाहत नाही. फेल्ट यांनी नाव उघड केल्याला सव्वा महिना होतो न होतो, तोच त्याच मुलखात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ज्युडिथ मिलर नाव सांगत नाहीत म्हणून तुरुंगात गेल्या.

प्रकरण इराकच्या युद्धाचे होते. इराक आफ्रिकेतून युरेनियम मिळवू पाहत होता, असे अध्यक्ष बुश यांनी जानेवारी 2003 च्या भाषणात सूचित केले. जोसेफ विल्सन नावाच्या माजी राजदूतांना याच तपासासाठी 2002 मध्ये नायजर देशात पाठवले होते. 6 जुलै 2003 रोजी त्यांनी लेख लिहून या म्हणण्याला उघड आव्हान दिले. आठच दिवसांनी रॉबर्ट नोव्हाक या स्तंभलेखकांनी छापले, की विल्सन यांच्या पत्नी व्हॅलरी प्लेम सीआयए या हेरखात्यात काम करतात. झाले! त्या बाईंचे गुप्तपणे काम करण्याचे दिवस एका ओळीने संपले.

हे नाव फोडले कोणी, याच्या चौकशीसाठी पॅट्रिक फिट्झजेरल्ड हे खास वकील नेमले गेले. मिलर यांनी तर या विषयावर एक ओळही छापली नव्हती. फक्त उपाध्यक्ष चेनी यांचे प्रमुख सहायक लुईस लिबी यांच्याशी त्यांचे बोलणे झाले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 1972 रोजी, वॉटरगेटच्या घरफोडीनंतर बाराच दिवसांनी, पाच विरुद्ध चार मतांनी असा निकाल दिला होता, की गुन्ह्याची चौकशी करणाऱ्या ग्रँड ज्यूरीपुढे बातमीदाराला गप्प राहण्याचा खास हक्क नाही. तोच निकाल आता आडवा आला. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मालक कंपनीने आपले बातमीदार मॅथ्यू कूपर यांची टिपणे सरकारी वकिलाच्या हवाली केली. ग्रॅहॅमबाईंची आठवण इथे कोणाला होणार नाही? कूपर यांना त्यांच्या माहितगाराने मोकळीक दिली, म्हणून ते सुटले. मिलर 6 जुलै 2005 रोजी आत गेल्या आणि पंच्याऐंशी दिवसांनी, लिबी यांनी स्वतः मोकळीक दिल्यावर, बाहेर आल्या.

आता खरा पेच पाहा. फेल्ट यांनी सत्तेची कुकर्मे सांगितली होती. त्यांच्या मनात निव्वळ धर्मच होता असेही नाही. हूव्हर वारल्यावर खात्याचे प्रमुखपद त्यांना न मिळता बाहेरच्या माणसाला मिळाले होते. पण त्यांच्या बोलण्याने प्रजेला सत्य कळले. इथे उलटे होते. सत्तेच्या खोलीत बसलेली माणसे सत्तेच्या टीकाकाराच्या घरातले बोलत होती, आणि त्यांच्यासाठी एक बातमीदार तुरुंगाची भाकरी खात होती. असा शब्द पाळावा काय?

इतिहासाच्या तासाला हे मी सांगत होतो, तेव्हा नववीतला एक मुलगा म्हणाला, ‘‘सर, नाव लपवणे म्हणजे खोटे बोलणेच नाही का?’’ मी त्याला धर्मराजाची गोष्ट सांगितली. ‘नरो वा कुंजरो वा’ हे अर्धे सत्य होते. ऐकणाऱ्याला फसवण्यासाठीच ते उच्चारले गेले. ‘मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही, काय शिक्षा द्यायची ती द्या,’ असे म्हणणारा कोणाला फसवीत नाही. तो किंमत मोजतो.

म्हणून माझे मत असे आहे, की दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, माणूस नावडता असला तरी. आज एका मोठ्या माणसाचे नाव सोडले, तर उद्या खरा कागद घेऊन येणारा कारकून दारातूनच परत जाईल. काटेकोरपणा हवा तो शब्द देताना. हा माणूस काय सांगतो याच्याइतकेच का सांगतो हेही तेव्हाच विचारायला हवे. आणि माहितगारालाही धर्म आहे. आपल्यासाठी दुसरे कोणी कोठडीत असताना त्याने पंच्याऐंशी दिवस घरी निजू नये.

कागद पारखून घेतला नाही तर काय होते, हे आपल्या मराठी वृत्तपत्रांनीही सोसले आहे. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारी पत्रे खरी मानून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी लिहिले. पत्रे बनावट ठरली, आणि 1882 मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातले ते 101 दिवस आगरकरांनी पुढे लिहून ठेवले. त्यांचा हेतू चांगला होता. पण हेतूने कागद खरा होत नाही.

आपल्याकडे 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्याने एवढे दिले आहे, की कौन्सिल आपल्या चौकशीत बातमीचा उगम सांगण्याची सक्ती करू शकत नाही. न्यायालयांना मात्र ती मर्यादा लागू नाही.

लिबी यांचे पुढे काय झाले? चौकशीत खोटे सांगितल्याबद्दल आणि अडथळा आणल्याबद्दल ते 2007 मध्ये दोषी ठरले. तीस महिन्यांची कैद बुश यांनी रद्द केली, आणि 2018 मध्ये ट्रम्प यांनी पूर्ण माफी दिली. नोव्हाक यांना ते नाव प्रथम सांगणारे परराष्ट्र खात्याचे रिचर्ड आर्मिटेज होते, हे 2006 मध्ये त्यांनीच कबूल केले. नाव फोडल्याबद्दल म्हणून खटला कोणावरच झाला नाही. सर्वांत मोठी किंमत मोजली ती प्लेमबाईंनी, आणि त्यांना कोणी कसला शब्दही दिला नव्हता.

तेव्हा वर्तमानपत्रात ‘विश्वसनीय गोटातून कळते’ हे शब्द दिसले, की वाचकांनी त्या गोटातल्या माणसाचे नाव शोधत बसू नये; ते पोटात ठेवणे हे बातमीदाराचे काम. आपण एवढेच विचारावे, की ही बातमी छापल्याने झोप कोणाची उडाली असेल, अन्याय करणाऱ्याची की त्याला जाब विचारणाऱ्याची?