म्हैसमाळची वाट

गेल्या वैशाखात तीर्थपुरी येथील एका परिचित शेतकरी कुटुंबासमवेत म्हैसमाळला जाण्याचा योग आला. आजी, त्यांचा मुलगा, सून व दोन नातवंडे असा पाच जणांचा परिवार, भाड्याची जीप आणि सहावा मी. पहाटे निघून रात्री परतायचे, एवढाच बेत होता. जीपमध्ये बसता बसता आजींनी मुलाला विचारले, "तिथं काम काय हाय रे?" मुलगा म्हणाला, "काम काही न्हाई, माय. थंड हवेला जायचं." आजी गप्प बसल्या; परंतु त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. त्यांचा तो प्रश्न मात्र दिवसभर माझ्या मनात राहिला. कामावाचून घर सोडायचे आणि तेही सहकुटुंब, ही गोष्ट आपल्या भागात आली तरी कुठून?

तीर्थपुरी हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील, गोदावरीच्या खोऱ्यातील गाव. याच तालुक्यातील जांब येथे 1608 साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी ते घरातून निघाले आणि पुढे त्यांनी अवघा भारत पायी पालथा घातला. या परिसरातील माणूस पूर्वीपासून घराबाहेर पडत आला आहे. परंतु त्याच्या बाहेर पडण्याला नेहमीच काही सबळ कारण असे. पंढरीची वारी, पैठणची षष्ठी, सोयरीक, बाजारहाट, लष्करातील चाकरी, नाही तर दुष्काळ. आजही कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीशी बांधून ऊसतोडीला जातात. तोही सहकुटुंब प्रवासच; पण त्याला सहल कोण म्हणेल?

सक्तीचा कुटुंबप्रवासही या प्रदेशाने पाहिला आहे. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी आणण्याचे ठरविले, तेव्हा दिल्लीतील अनेक कुटुंबांना शेकडो कोसांची वाट तुडवावी लागली. काही वर्षांतच बेत फसला आणि पुष्कळांना पुन्हा तीच वाट उलट चालावी लागली. राजाच्या मनात आले म्हणून प्रजेने चालायचे, असा तो काळ होता.

थंड हवेसाठी डोंगरावर जाण्याची रीत त्यामानाने अगदी अलीकडची आहे. डोंगर आपल्याकडे होतेच. पण ते देवाचे, गुराख्यांचे आणि किल्लेदारांचे होते. त्यांना 'हवा खाण्याचे ठिकाण' केले ते इंग्रजांनी. मैदानी उन्हाळ्यात त्यांचे सैनिक व अधिकारी तापाने, अतिसाराने मरत असत, म्हणून प्रथम आजाऱ्यांच्या विश्रांतीसाठी उंच जागा शोधल्या गेल्या. विदर्भातील चिखलदऱ्याकडे 1823 मध्ये कॅप्टन रॉबिन्सन याचे लक्ष गेले. 1824 मध्ये लॉडविक महाबळेश्वरच्या कड्यावर पोहोचला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने 1829 मध्ये सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून ती जागा मिळविली आणि मोबदल्यात वाईजवळचे खंडाळा हे गाव दिले. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानला चढला. 1907 मध्ये आदमजी पीरभाई यांच्या खटपटीने तेथे छोटी आगगाडी धावू लागली.

आजाऱ्यांमागून साहेब गेले, साहेबांमागून संस्थानिक, शेठजी आणि वकील गेले. बंगले उठले. त्या बंगल्यांना पाणी वाहणारे, डोल्या उचलणारे, रस्ते खोदणारे हात मात्र आपल्याच लोकांचे होते. त्या हातांना डोंगराची हवा मिळत होती, पण विश्रांती मिळत नव्हती.

मराठवाड्याची कथा आणखी वेगळी. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मनमाडहून औरंगाबाद व जालन्यावरून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे 1900 साली सुरू झाली. 1932 मध्ये निजामाच्या रेल्वेखात्याने 27 बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. तरीही खेड्यातील माणसाला बैलगाडी आणि स्वतःचे पाय हीच वाहने होती. 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. हळूहळू एस.टी.ची लाल गाडी गावोगाव पोहोचू लागली. पण ती पोहोचायची तर रस्ता हवा.

तो रस्ता कोणी केला, हे मला त्या दिवशी कळले. अंबड ओलांडून आम्ही जालन्याच्या दिशेने जात होतो. आतापर्यंत डोळे मिटून बसलेल्या आजी एकाएकी बाहेर बोट दाखवीत म्हणाल्या, "इथं म्या खडी फोडली. बहात्तरला." जीप वेगात होती. मुलगा म्हणाला, "माय, येताना थांबू." नातवंडांनी वळून मागे पाहिले, तोवर ती जागा मागे पडली होती.

1972 चा दुष्काळ माझ्या पिढीला ऐकूनच ठाऊक आहे. विहिरी आटल्या, जनावरे मातीमोल विकली गेली, बाहेरून आलेली मिलो ज्वारी लोकांनी नाक मुरडत का होईना, खाल्ली. लाखो माणसे सरकारी दुष्काळी कामांवर गेली. तलाव, नालाबांध आणि रस्ते यांची ती कामे होती. त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. अंगावरचे मूल झाडाच्या सावलीत ठेवून त्या दगड फोडीत असत, मुलांना सुकडी मिळत असे. वि. स. पागे यांच्या पुरस्काराने उभी राहिलेली रोजगार हमी योजना याच काळात विस्तारली आणि 1977 मध्ये तिचा कायदा संमत झाला. काम मागणाऱ्याला काम मिळालेच पाहिजे, हा हक्क देशात प्रथम महाराष्ट्राने कायद्यात लिहिला. मराठवाड्यातील कितीतरी रस्त्यांच्या पोटात अशा अनाम स्त्रियांनी फोडलेली खडी आहे. आज वर डांबर चढले, त्यामुळे ती दिसत नाही, इतकेच.

जालन्याहून छत्रपती संभाजीनगर, पुढे दौलताबाद. तेथील जुनी वाट किल्ल्याच्या तटातील अरुंद दरवाजातूनच जाते. मग घाट चढून खुलताबाद. येथे मलिक अंबर विसावला आहे. ज्याने 1610 च्या सुमारास खडकी वसविली आणि तिला नहरीचे पाणी दिले, तो हा हबशी. 1707 मध्ये अहमदनगरजवळ मरण पावलेल्या औरंगजेबाची साधी, उघडी कबरही येथेच आहे. पंचवीस वर्षे हा बादशहा दक्षिणेत छावण्या हलवीत राहिला. विसावा त्याला मिळाला तो या गावात, कबरीत.

खुलताबादहून बारा-तेरा किलोमीटरांवर म्हैसमाळ. उंची सुमारे 1067 मीटर. संभाजीनगरपेक्षा हे ठिकाण पाचशे मीटर उंच. हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, या हिशेबाने फरक तीन-सव्वातीन अंशांचाच. महाबळेश्वर पाहिलेल्याला हे काहीच वाटणार नाही. पण गोदाकाठच्या उन्हातून आलेल्या माणसाला कड्यावरचा तो वारा पुरेसा होता. गिरिजामातेचे देऊळ, दूरदर्शनचा मनोरा, वाळलेल्या गवताचे पठार. याच डोंगररांगेत उगम पावणारी गिरजा नदी पूर्वेकडे जाऊन पूर्णेला मिळते आणि पूर्णा अखेर गोदावरीला. डोंगर आणि गोदाकाठ एकमेकांना अगदीच परके नाहीत.

दुपारी झाडाखाली सतरंजी पसरली. सुनेने डबे उघडले. भाकरी, पिठले, ठेचा, कांदा. हे सारे करण्यासाठी ती रात्री अडीचला उठली होती, असे मुलांच्या बोलण्यातून समजले. येथेही वाढायला तीच उभी राहिली. घर बदलले, चूल मागे राहिली, काम मात्र बरोबर आले होते.

वाचकहो, विश्रांती ही आपोआप मिळालेली वस्तू नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे चालविलेल्या लढ्यानंतर. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांनी आपल्या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीचा हक्क ठामपणे मांडला. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कारखाना कायद्याने भरपगारी रजा आली. कारखान्यातल्या माणसाला असा कायदा मिळाला. शेतातल्या बैलालाही पोळ्याचा एक दिवस आहे. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत. पण शेतकऱ्याच्या घरातील बाईसाठी पंचांगात असा कोणता दिवस लिहिला आहे?

मी हा विचार करीत असतानाच आजी उठल्या. सुनेच्या हातातील भाकरीचा डबा त्यांनी काढून घेतला आणि म्हणाल्या, "तू बस. म्या वाढते." सून संकोचली. आजींनी पुन्हा सांगितले, "बस म्हणते ना." मग मुलगाही उठला आणि त्याने पाण्याचा तांब्या घेतला. सून बसली. वाऱ्याने तिचा पदर उडत होता, तो सावरीत ती पहिल्यांदाच समोरच्या दरीकडे पाहत होती.

सकाळच्या प्रश्नाचे उत्तर आजींना मिळाले की नाही, हे मी त्यांना विचारले नाही.

परतताना जालना सोडेपर्यंत अंधार पडला. अंबडच्या अलीकडे मुलाला शब्द आठवला. त्याने जीप हळू करायला लावली आणि विचारले, "माय, कुठं खडी फोडली व्हती तुम्ही?" नातवंडे जागी होऊन खिडकीशी आली. आजी बराच वेळ बाहेर पाहत राहिल्या. काठावरची झाडे, ढाबे, दिवे. ओळखीची एकही खूण उरली नव्हती.

"ऱ्हाऊ दे," त्या शेवटी म्हणाल्या. "रस्ता चांगला झालाय."