हर्शेलच्या अंगणातल्या दुर्बिणी

युरेनस या ग्रहाला आपल्या पंचांगात आजही 'हर्षल' म्हणतात. युरोपात हे नाव केव्हाच मागे पडले. आपल्या कुंडल्यांत मात्र ते टिकून आहे. ज्याच्यावरून ते आले तो विल्यम हर्शेल (१७३८-१८२२) मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, पोटापाण्यासाठी इंग्लंडमध्ये येऊन चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा आणि संगीताच्या शिकवण्या घेणारा माणूस. दुर्बिणी तो स्वतःच्या हाताने घडवी.

आकाशदर्शनाचा नाद लागलेल्या प्रत्येकाला दुर्बीण घेताना एक प्रश्न छळतो. सहज उचलून नेता येईल अशी आटोपशीर घ्यावी, की परवडेल तेवढ्या मोठ्या आरशाची? आरशाचा व्यास दुप्पट झाला की प्रकाश चौपट मिळतो, हे गणित मोठ्या आरशाच्या बाजूचे. हर्शेलच्या घरी या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच अंगणात उभी होती, म्हणून त्याची हकिगत बघण्यासारखी आहे. वाचकांनी एवढेच ध्यानात ठेवावे की त्या काळी दुर्बीण नळीच्या लांबीवरून ओळखली जाई, आरशाच्या व्यासावरून नव्हे.

१३ मार्च १७८१ च्या रात्री बाथ शहरातल्या घरामागच्या बागेतून त्याने युरेनस पाहिला, तो सातफुटी दुर्बिणीतून. तिचा आरसा अवघा ६.२ इंचांचा. आज वांगणीला आकाशदर्शनाला जाणाऱ्या हौशी मंडळींकडेही एवढा आरसा असतो. पण या शोधाने हर्शेलची भूक भागली नाही, उलट वाढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने घराच्या तळघरात तीन फूट व्यासाचा आरसा ओतायचा घाट घातला. साचा घोड्याच्या लिदीचा. ती कुटून चाळण्याचे काम बहीण कॅरोलाइनकडे. पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्या खेपेला वितळलेला धातू भट्टीतून गळून जमिनीवर पसरला आणि तापलेल्या फरशीचे तुकडे छतापर्यंत उडू लागले. सगळ्यांना जीव घेऊन पळावे लागले.

मग तो थोडा खाली उतरला. राजा तिसऱ्या जॉर्जने त्याला वर्षाला २०० पौंड बांधून दिले, हर्शेल विंडसरजवळ राहायला गेला आणि ऑक्टोबर १७८३ मध्ये त्याची वीसफुटी दुर्बीण तयार झाली. आरसा १८.७ इंचांचा. या दुर्बिणीशी त्याचे सूत जमले. पद्धत अशी : भाऊ वर सज्जात उभा, एक गडी दोरीने नळी हळूहळू वरखाली करणार, आणि बहीण घड्याळ व कागद घेऊन बसलेली. भाऊ ओरडून सांगेल ते ती लिहून घेई. १७८३ च्या शेवटच्या रात्री फूटभर बर्फातून घाईने धावताना दुर्बिणीच्या सांगाड्याचा लोखंडी आकडा कॅरोलाइनच्या मांडीत घुसला. पुढे आठवणीत तिने समाधान नोंदवले ते हे, की नंतर आकाश ढगाळले, त्यामुळे भावाचे नुकसान झाले नाही! १८०२ पर्यंत या दुर्बिणीने सुमारे २,५०० तेजोमेघ आणि तारकागुच्छ यादीत आणले. त्याआधीची मोठी यादी मेसियेची, तीत शंभरेक नोंदी होत्या. जानेवारी १७८७ मध्ये युरेनसचे दोन उपग्रह सापडले तेही याच दुर्बिणीतून.

तरीही हर्शेलला मोठी हवीच होती. राजाने दोन हप्त्यांत ४,००० पौंड दिले, शिवाय देखभालीला दरसाल २००. १७८५ ते १७८९ अशी चार वर्षे स्लाऊच्या घरी चाळीसफुटी उभी राहत होती. नळी लोखंडी पत्र्याची, जवळजवळ पाच फूट रुंद. आरसा ४८ इंचांचा. वीसफुटीच्या साडेसहा पट प्रकाश! नळी अजून जमिनीवर आडवी असताना राजा कँटरबरीच्या आर्चबिशपला घेऊन तिच्यातून चालून गेला होता. पहिला आरसा पातळ निघाला, स्वतःच्याच वजनाने वाकू लागला. मग दुसरा, दुप्पट वजनाचा, सुमारे टनभर. त्यातून २८ ऑगस्ट १७८९ ला शनीचा एन्सेलॅडस आणि १७ सप्टेंबरला मिमास हे उपग्रह नक्की झाले. त्यांपैकी एन्सेलॅडसची ओझरती झलक दोन वर्षांपूर्वी वीसफुटीतूनही मिळाली होती.

त्यानंतर मात्र चाळीसफुटीच्या नावावर सांगण्यासारखे फारसे नाही. पाहुणे येत, तोंडात बोट घालत. हर्शेल संध्याकाळी वळे तो वीसफुटीकडे.

कारण काचेत किंवा गणितात शोधू नये. तेव्हा आरसा काचेचा नव्हताच. तो तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा. आपल्या घरातली तांब्या-पितळेची भांडी पावसाळ्यात कशी काळवंडतात हे माहीत असणाऱ्याला थेम्सकाठच्या दमट हवेत त्याचे काय होत असेल ते सांगायला नको. भांडे चिंचेने घासता येते. आरसा पुन्हा घासला की त्याचा बाक बिघडतो, आणि तो जुळवणे म्हणजे नव्याने घडवण्याइतकेच काम. वीसफुटीचा आरसा काढून दुसरा बसवता येई; टनभर वजनाच्या आरशाची ती सोय नाही. एवढा धातू रात्रीच्या हवेइतका गार व्हायलाही वेळ लागतो, तोवर चित्र थरथरते. चाळीसफुटीला गडी जास्त, तयारी जास्त. आणि इंग्लंडातल्या निरभ्र रात्री मोजक्याच.

हे उघडपणे सांगणे हर्शेलला अवघड गेले असणार. पैसा राजाचा होता. १८१५ च्या निबंधात, वयाच्या शहात्तरीत, त्याने अखेर लिहिले की लहान दुर्बिणीने काम भागत असेल तर मोठी वापरण्यात चांगल्या रात्रीचा वेळ फुकट जातो. त्या सुमारास चाळीसफुटीतून बघणेही थांबले. मला वाटते, त्याचे खरे नुकसान ४,००० पौंडांचे नव्हे, उमेदीच्या चार वर्षांचे झाले. पण हेही खरे, की एवढा मोठा आरसा बनवता येतो हे कोणीतरी एकदा करून दाखवायला हवे होते.

घरातली सगळ्यात लहान दुर्बीण कॅरोलाइनची. नळी सव्वादोन फुटांची, आरसा सव्वाचार इंचांच्या आसपास, मोठेपणा विसेक पट. पण एका नजरेत आकाशाचा दोन अंशांहून मोठा तुकडा दिसे. धूमकेतू हुडकायला हेच हवे. ऑगस्ट १७८६ मध्ये भाऊ जर्मनीला गेलेला असताना तिने पहिला धूमकेतू टिपला आणि १७९७ पर्यंत एकूण आठ.

विल्यमचा मुलगा जॉन याने निवड केली ती बापाच्या अनुभवावरून. दक्षिणेचे आकाश मोजायला तो १८३३ च्या नोव्हेंबरात निघाला तेव्हा वीसफुटी सुटी करून पेट्यांत भरली. केप टाउनजवळ १८३४ ते १८३८ तिने काम केले. १,७०० तेजोमेघ आणि २,१०० जोडतारे नोंदले गेले.

चाळीसफुटी स्लाऊलाच होती. तिचा लाकडी सांगाडा कुजत चालला, तेव्हा १८३९ मध्ये जॉनने काचेवर तिचे छायाचित्र घेतले आणि सांगाडा उतरवला. वर्षाच्या शेवटच्या रात्री सारे कुटुंब आडव्या नळीत शिरून बसले आणि त्यांनी जॉननेच रचलेले गाणे म्हटले. पुढे त्या नळीवर झाड पडले. उरलेला तुकडा आज ग्रीनिचला आहे. हर्शेल ज्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा पहिला अध्यक्ष होता, तिच्या बोधचिन्हावरही दुर्बीण आहे ती चाळीसफुटीच.