भिंतीआडची चूल

भंडारा जिल्ह्यातल्या करडीच्या पोलीस ठाण्यात अटक झालेल्या माणसाला न्यायालयीन कोठडी मिळाली, की त्याची रवानगी बहुधा भंडाऱ्याच्या जिल्हा कारागृहात होते. घरचा भात सुटतो, तुरुंगाचा सुरू होतो. सगळ्या कैद्यांचा भात एकाच चुलीवर शिजायला लागला त्याला दोनशे वर्षंही झालेली नाहीत, आणि तो सुखासुखी शिजलेला नाही.

कंपनी सरकारच्या काळात उत्तरेतल्या कित्येक तुरुंगांत स्वयंपाकघरच नव्हतं. कैद्याला रोजचे पैसे मिळत. तो त्यातून शिधा घेई आणि आवारातच आपली वेगळी चूल मांडी. मेकॉले ज्या समितीत होता, तिने १८३८ साली तुरुंगांची शिस्त कडक करायची शिफारस केली आणि त्यानंतर सामायिक स्वयंपाक आला. १८४०च्या दशकात बंगाल-बिहारच्या तुरुंगांत त्यावरून दंगे पेटले. दुसऱ्या जातीच्या हातचं खाल्लं तर सुटून गावी गेल्यावर पंगतीत जागा मिळणार नाही, ही कैद्यांची भीती खरी होती.

१८५५ साली आरा आणि मुजफ्फरपूर इथे प्रशासनाने कैद्यांचे धातूचे लोटे काढून मातीची भांडी दिली. विटाळलेला लोटा घासून शुद्ध करता येई, मातीचं भांडं मात्र टाकूनच द्यावं लागे. मुजफ्फरपुरात आसपासची रयतसुद्धा कैद्यांच्या बाजूने जमली आणि सरकारला लोटे परत करावे लागले. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याला लोट्याचं मोल वेगळं सांगायला नको.

सामायिक स्वयंपाकाच्या वादावर सरकारने काढलेला तोडगा मात्र घातक ठरला. स्वयंपाकाला वरच्या जातीचा कैदी आणि झाडू-सफाईला खालच्या जातीचा, अशी वाटणी कित्येक प्रांतांच्या तुरुंग नियमावल्यांत जाऊन बसली. टिळक मंडालेला होते (१९०८–१९१४), तेव्हा त्यांचा स्वयंपाक करायला कुलकर्णी नावाचा मराठी कैदी दिलेला होता. ज्या राज्याने त्यांना हजारो मैल दूर नेऊन कोंडलं, त्याने चुलीपाशी जात सांभाळली!

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली वेगळं घडलं. विनोबांनी दळण आणि स्वयंपाक राजकीय कैद्यांच्या हाती सोपवला आणि ते काम कमीपणाचं राहिलं नाही. त्याच तुरुंगात त्यांची गीतेवरची प्रवचनं झाली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली म्हणून ती सर्वांच्या लक्षात राहिली. जात्याची आठवण तितकी निघत नाही, पण तीही तेवढीच मोलाची आहे.

चूल कोणी पेटवायची हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी आज जुन्या कारागृहात नवं स्वयंपाकघर आणि धुलाईघर बांधायचं, तर पहिली अडचण जागेची. केंद्राची २०१६ची आदर्श कारागृह नियमावली शंभर बंद्यांमागे १५० चौरस मीटर स्वयंपाकघर मागते. ते झोपायच्या बराकींपासून दूर हवं, हवेशीर आणि उजेडाचं हवं. इंग्रजांनी आखलेल्या तटाच्या आत एवढी मोकळी जमीन सहसा उरलेली नसते. दुसरी अडचण अशी, की तुरुंगाला सुट्टी नसते. नव्या शेगड्या पेटेपर्यंत जुनी भिशी, म्हणजे तुरुंगाचं स्वयंपाकघर, रोज दोन वेळचं जेवण काढतच राहते. गवंड्यांची फाटकावर झडती होते. पहार, सळई, दोर मोजूनच आत जातात आणि मोजूनच बाहेर येतात. शिडी तर रात्री आत ठेवताच येत नाही.

धुलाईघराकडे अनेकदा दुय्यम सोय म्हणून पाहिलं जातं, आणि ते चूक आहे. दाटीच्या बराकीत खरूज एका घोंगडीवरून दुसऱ्या घोंगडीवर जाते. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायची सोय औषधाइतकीच गरजेची असते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीवर कामं वाटणाऱ्या नियमांना घटनाबाह्य ठरवलं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा हा निकाल. राज्यांनी तीन महिन्यांत नियमावल्या दुरुस्त कराव्यात आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकावा, असा आदेश झाला. आता नव्या भिशीत कढई कोण ढवळणार आणि धुलाईघरात कपडे कोण पिळणार, याची यादी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे तो रकाना असता कामा नये.