पन्हाळ्याहून विशाळगडास : एका मजलेची पूर्वतयारी

पावनखिंडीचें नांव निघतांच बाजीप्रभु देशपांड्यांची मूर्ति डोळ्यांपुढें उभी राहते, आणि तें योग्यच आहे. परंतु खिंडींतील पराक्रमाच्या तेजामुळें दुसरी एक गोष्ट सांवलींत राहिली आहे. ती गोष्ट म्हणजे त्या रात्रीच्या वाटचालीची पूर्वतयारी. भर आषाढांत, चिखलांतून व रानांतून, सुमारें चाळीस मैलांची मजल सहाशें माणसांनीं मारावी आणि शेवटीं लढण्याइतकें बळ शिल्लक ठेवावें, हें केवळ शौर्याचें काम नव्हे.

इ. स. १६५९ च्या नोव्हेंबरांत अफजलखानाचा वध झाला व त्याच महिन्यांत पन्हाळा स्वराज्यांत आला. विजापूर दरबारानें सिद्दी जौहर यास सलाबतखान हा किताब देऊन धाडलें आणि १६६० च्या मार्चांत गडास वेढा पडला. राजापूरच्या वखारीचा इंग्रज अधिकारी हेन्री रेव्हिंग्टन तोफा व दारूगोळा घेऊन त्यास मिळाला. नेताजी पालकरांनीं बाहेरून वेढा फोडण्याचा केलेला यत्न फसला. तिकडे शाएस्तेखान पुण्यास येऊन बसला होता. पाऊस सुरू झाला तरी वेढा उठेना. गडावर आणखी राहणें म्हणजे उरलेलें स्वराज्य मोंगलांच्या हातीं जाऊं देणें होतें.

निघावयाचें ठरलें, तेव्हां पहिली तयारी झाली ती शत्रूच्या मनाची. शरण येण्याची बोलणीं सुरू झालीं आणि चार महिने जागून थकलेले पहारे सैलावले. दुसरी तयारी वेळेची. १२ जुलै १६६० ची रात्र निवडली गेली. आषाढी पौर्णिमा होती. ढगांआडच्या चंद्रानें पायांखालची वाट अंधुक दिसावी, पण दूरच्या पहारेकऱ्यास माणूस दिसूं नये, असा तो प्रकाश. पाचोळा भिजलेला असल्यानें पावलांचा आवाज नाहीं. जो पाऊस वाटेंत वैरी, तोच वेढ्यांतून निसटतांना सोबती ठरला.

तिसरी तयारी ओझ्याची. दूर चालणाराचा खरा शत्रु त्याच्या पाठीवर बसलेला असतो. पहिल्या कोसांत जें ओझें जाणवत नाहीं, तें दहाव्या कोसांत पाय ओढूं लागतें; घोंगडें पावसानें भिजलें कीं त्याचें वजन आणखी वाढतें. म्हणून गडावरील तोफा, कोठारें व शिबंदी त्र्यंबक भास्करांच्या हवालीं ठेवून निवडक माणसेंच निघालीं.

तरीहि एक जड ओझें जाणूनबुजून उचललें गेलें, तें म्हणजे पालखी. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारतां'त महाराज पालखींतून गेल्याचें वर्णन आहे. निसरड्या रानवाटेवर घोड्याचा पाय घसरतो, त्याचें खिंकाळणें घात करतें. भोयांचे खांदे मात्र बदलतां येतात. शिवाय विशाळगडाभोंवतीं शृंगारपूरचे सुर्वे व पालवणचे जसवंतराव दळवी यांचा वेढा होता. वाट संपल्यावर युद्ध होतें! धन्याचें बळ त्या वेळेसाठीं राखावयाचें, तर तो भार दुसऱ्यांनीं वाहणें भागच होतें.

परंपरा सांगते कीं, दुसऱ्या पालखींत महाराजांच्या वेषांत शिवा काशीद बसला होता. शत्रूनें ती पालखी पकडली. शिवानें प्राण दिले, परंतु मोलाचा वेळ मिळवून दिला. मसाईचें जांभ्या दगडाचें उघडें पठार ओलांडून, ओढे तुडवीत, पांढरपाण्यावरून मावळे गजापूरच्या घोडखिंडीशीं पोहोंचले, तेव्हां पाठलाग जवळ येऊन भिडला होता. तेथें बाजीप्रभूंनीं बांदलांच्या लोकांसह खिंड अडविली. रात्रभर चालून आलेल्या त्या पायांनीं विसांवा मागितला नाहीं. महाराज विशाळगडावर पोहोंचले. बाजी व त्यांचे अनेक सोबती खिंडींतच राहिले.

पुढें सप्टेंबर १६६० मध्यें पन्हाळा विजापूरकरांस द्यावा लागला. १६७३ त कोंडाजी फर्जंदानें साठ माणसांनिशीं तो परत जिंकला. गड गेला तरी परत घेतां आला. त्या रात्रीं महाराज सांपडते तर परत घेणारें कोणी उरतें ना.

आज दर पावसाळ्यांत कोल्हापूरचीं व बाहेरगांवचीं शेंकडों मुलेंमाणसें पाठपिशव्या लावून पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जातात. त्यांतले बहुतेक वाटेंत मुक्काम करून दोन दिवसांत जातात. त्यांच्यामागें शत्रु नसतो, पण चिखल तोच आणि पाऊसहि तोच. निघण्यापूर्वीं महिनाभर रोज चालून पायांस संवय लावावी. पिशवींतील वस्तु एक एक काढून, हिच्यावांचून अडेल काय, असें स्वतःस विचारावें. कोरडे कपडे मेणकापडांत बांधावे. आणि थकल्या सोबत्याचा भार थोडा थोडा वांटून घ्यावा. सहाशें मावळ्यांनीं एक पालखी अशीच वांटून नेली होती.