स्विच विधानाचा इतिहास : उडीकडून निवडीकडे

संगणकाच्या आज्ञावलीत एखाद्या राशीच्या मूल्यानुसार अनेक मार्गांपैकी एक मार्ग निवडण्याचे कार्य ‘स्विच’ विधान करते. सी भाषेतील त्याच्या रूपात मात्र एक विसंगती आढळते. बाह्य रचना निवडीची असली, तरी निवडलेल्या शाखेचे काम संपताच नियंत्रण आपोआप बाहेर पडत नाही. ‘ब्रेक’ हा शब्द लिहिला नसेल, तर पुढील शाखेतील आज्ञाही अंमलात येतात. या विसंगतीचे मूळ या विधानाच्या इतिहासात आहे.

प्रारंभी निवड आणि उडी यांत भेद नव्हता. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएममध्ये सिद्ध झालेल्या फोरट्रानमध्ये (१९५७) ‘गो टू’ या आज्ञेपुढे विधानांच्या क्रमांकांची यादी देता येत असे. राशीचे मूल्य २ असल्यास नियंत्रण यादीतील दुसऱ्या क्रमांकाच्या विधानाकडे जाई. अल्गोल ६० मध्ये ‘स्विच’ हा शब्द आला. परंतु तेथेही तो लेबलांच्या यादीचेच नाव होता. कोठे जावयाचे एवढेच त्यातून कळे. परत कोठे यावयाचे, याविषयी ती यादी मौन पाळी.

१९६४ मध्ये टोनी होअर यांनी ‘केस’ रचना सुचविली आणि विचाराची दिशा पालटली. अनेक पर्यायांपैकी एकच अंमलात यावा व त्यानंतर सर्व वाटा एकाच ठिकाणी मिळाव्यात, हे तीत गृहीत होते. निकलाउस विर्थ व होअर यांच्या १९६६ मधील अल्गोलविषयक प्रस्तावात आणि पुढे विर्थ यांच्या पास्कलमध्ये (१९७०) ती स्थिरावली. मार्च १९६८ मध्ये डाइक्स्ट्रा यांनी ‘गो टू’वर टीका करणारे जे पत्र प्रसिद्ध केले, त्यातही या रचनेचा उल्लेख आहे.

सी भाषेचा वंश मात्र निराळा. मार्टिन रिचर्ड्‌स यांची बीसीपीएल (१९६७), केन थॉम्पसन यांची बी आणि डेनिस रिची यांची सी असा तो क्रम होय. या परंपरेत ‘केस’ हे वस्तुतः लेबलच राहिले. स्विचमधून बाहेर पडण्याचा स्वतंत्र शब्द बीसीपीएलला पुढे लाभला; बी-सीच्या कर्त्यांनी साठीच्या दशकात ती भाषा आत्मसात केली, तेव्हा तो नव्हता, असे रिची यांनी १९९३ मध्ये नमूद केले आहे. त्यामुळे आवर्तनातून बाहेर पडण्यासाठी असलेल्या ‘ब्रेक’ या शब्दावरच हा दुसरा अर्थ लादला गेला.

या अनेकार्थतेचे मूल्य १५ जानेवारी १९९० रोजी कळले. त्या दिवशी अमेरिकेतील एटी अँड टीची लांब पल्ल्याची दूरध्वनी-सेवा सुमारे ९ तास विस्कळीत झाली. सी भाषेतील आज्ञावलीत स्विचच्या आत एक ‘इफ’ विधान होते व त्यात ‘ब्रेक’ होता. त्या ब्रेकने नियंत्रण केवळ ‘इफ’च्या नव्हे, तर संपूर्ण स्विचच्या बाहेर नेले आणि आवश्यक आज्ञा वगळल्या गेल्या.

सीच्या या रूढीचा प्रत्यक्ष उपयोगही अल्पच दिसतो. पीटर व्हॅन डर लिंडेन यांनी १९९४ मध्ये सन कंपनीच्या सी कंपायलरच्या एका भागातील २४४ स्विच विधानांची पाहणी दिली आहे. प्रत्येकात सरासरी ७ शाखा होत्या. त्यांपैकी केवळ शेकडा ३ शाखांत नियंत्रण मुद्दाम पुढे जाऊ दिले होते. तरीही १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावाने ही रूढी स्वीकारली. गो (२००९) व स्विफ्ट (२०१४) यांनी ती उलटविली : तेथे पुढील शाखेत जावयाचे असल्यास तसे स्पष्ट लिहावे लागते. जावानेही २०२० मध्ये बाणाच्या चिन्हाची नवी रचना जुन्या रूपाशेजारी आणली.

अर्थ पालटला तरी रूप जुने राहावे, हे भाषेच्या अभ्यासकाला नवीन नाही. नैसर्गिक भाषेत असा अवशेष संदर्भाच्या आधाराने श्रोता सांभाळून घेतो. यंत्र संदर्भ जाणत नाही; ते रूपाचा जुना अर्थच शब्दशः पाळते. म्हणून आज्ञावलीच्या भाषेत शब्दाचा इतिहास हा त्याच्या चालू अर्थाचाच भाग मानावा लागतो.